वरचा सूर कुठे जातो? गिटारविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: कॉर्ड्स (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे मेळ) येतात, पण वादन गोड वाटत नाही. म्हणून या अंकातील सर्व उत्तरे याच विषयाला दिली आहेत. ती वाचताना गिटार हातात असावी. तारांचे क्रमांक बारीक तारेपासून मोजले आहेत, म्हणजे पहिली तार सर्वांत बारीक आणि सहावी सर्वांत जाड. चौथा प्रश्न सोडून सर्वत्र ‘सी’ हा सा धरला आहे. ५-५-३ असे तीन आकडे लिहिले असतील, तेथे ते अनुक्रमे तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवरचे फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेली घरे) समजावेत. शून्य म्हणजे मोकळी तार.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून गिटार वाजवतो. सी, ए मायनर, एफ आणि जी या कॉर्ड्स न अडखळता बदलता येतात, बार कॉर्ड्सही जमतात. परवा धाकटी बहीण म्हणाली, “दादा, तुझं प्रत्येक गाणं सारखंच वाजतं.” तिचे म्हणणे मला पटले, परंतु उपाय सुचत नाही. अधिक अवघड कॉर्ड्स शिकाव्यात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या बहिणीने अगदी बरोबर ऐकले आहे आणि तिला जे जाणवले त्याचे कारणही सांगता येते. नेहमीचे, गळ्याजवळचे (म्हणजे पहिल्या तीन फ्रेटमधले) आकार घेऊन सी, ए मायनर, एफ, जी या क्रमाने वाजवा आणि प्रत्येक कॉर्डमधली फक्त पहिली तार ऐका. सीमध्ये ती मोकळी असते, म्हणजे तिच्यावर ग वाजतो. ए मायनरमध्येही ती मोकळीच राहते, म्हणून पुन्हा ग. एफमध्ये पहिल्या फ्रेटवर म येतो आणि जीमध्ये तिसऱ्या फ्रेटवर प. अनेक सूर एकदम वाजले की आपला कान त्यांतल्या सर्वांत वरच्या सुराला चाल समजून त्याच्यामागे जातो. याचा अर्थ असा की गाणे कोणतेही असो, या चार कॉर्ड्स आल्या की तुमच्या साथीतून ‘ग ग म प’ हीच चाल दर वेळी ऐकू येते. ती तुम्ही निवडलेली नाही. बोटांना सोयीच्या आकारांबरोबर ती आपोआप आली आणि तीन वर्षे तशीच राहिली.

म्हणून अवघड कॉर्ड्सच्या मागे सध्या लागू नये. ज्या चार कॉर्ड्स येतात त्याच दुसऱ्या जागी घ्यायला शिकणे अधिक उपयोगाचे आहे. सी मेजर म्हणजे सा, ग, प या तीन सुरांचा मेळ. त्यांतला कोणता सूर वर ठेवायचा हे वाजवणाऱ्याने ठरवायचे असते. खालच्या तीन जाड तारा काही दिवस विसरून फक्त तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर सी घ्या. ०-१-० येथे वर ग येतो, ५-५-३ येथे प, आणि ९-८-८ येथे वरच्या सप्तकातला सा. एकच कॉर्ड, पण तीन वेगवेगळी तोंडे. याच रीतीने ए मायनर २-१-०, ५-५-५ आणि ९-१०-८ येथे मिळते, एफ २-१-१, ५-६-५ आणि १०-१०-८ येथे, तर जी ४-३-३ आणि ७-८-७ येथे.

आता सी ५-५-३, ए मायनर ५-५-५, एफ ५-६-५ आणि जी ४-३-३ असे सावकाश वाजवा. वरची चाल ‘प ध ध प’ अशी झाली. मला या क्रमात त्याहूनही महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की सीवरून ए मायनरवर जाताना फक्त पहिल्या तारेवरचा सूर प वरून ध वर सरकतो आणि बाकीचे दोन जागचे हलत नाहीत. ए मायनरवरून एफवर जाताना फक्त दुसऱ्या तारेवरचा ग म होतो. जीवर येताना मात्र तिन्ही सूर एकदम खाली उतरतात, आणि आधी इतके कमी हलले असल्यामुळेच ते उतरणे कानाला भरीव लागते. गळ्याजवळच्या आकारांत बोटे उचलून नव्या जागी टाकली जातात, त्यामुळे कोणता सूर कुठून कुठे गेला हे वाजवणाऱ्यालाही कळत नाही. येथे ते बोटांना दिसते आणि कानाला ऐकू येते.

हाच क्रम ९-८-८, ९-१०-८, १०-१०-८ आणि ७-८-७ असा वाजवला तर वरचा सा तीन कॉर्ड्सभर स्थिर राहतो आणि चौथ्या कॉर्डवर नि वर उतरतो. वरचा सूर थांबलेला असताना आतले सूर हलत राहिले, तर एक वेगळीच ओढ तयार होते. ज्या गाण्यात गायक एखादा स्वर लांबवतो, तेथे हा क्रम मला विशेष आवडतो. दोन्ही क्रमांची सरमिसळही करता येते: सी ९-८-८, ए मायनर ५-५-५, एफ ५-६-५, जी ४-३-३ असे घेतले की वर ‘सा ध ध प’ अशी उतरती ओळ ऐकू येते.

पुढची पायरी दोन कॉर्ड्सच्या मधल्या मात्रांची आहे. ए मायनर ५-५-५ हे पहिल्या बोटाने तिन्ही तारा दाबून घ्या. पहिल्या मात्रेला कॉर्ड वाजवा आणि उरलेल्या मात्रांत, बोट न उचलता, पहिल्या तारेवर सातवा आणि आठवा फ्रेट दाबून ‘ध नि सा’ असे चढा. मग एफ १०-१०-८ वर जा. ज्या सा वर तुम्ही पोचलात तोच एफचा वरचा सूर असल्याने कॉर्ड बदलली असे वाटण्याऐवजी चाल तेथे येऊन टेकली असे वाटते. असे जोडसूर प्रत्येक जागी भरू नयेत. गायक शब्द म्हणत असताना साध्या कॉर्ड्स ठेवाव्यात आणि ओळ संपून तो श्वास घेतो तेवढ्या जागेत हे दोन-तीन सूर वाजवावेत. गायकाचीच चाल गिटारवर सतत त्याच्याबरोबर वाजवणे ही नवशिक्याची हौस असते. त्यामुळे साथ समृद्ध होत नाही आणि गायकाला हरकत (सुरांची छोटी फिरत) घेण्याची मोकळीकही राहत नाही.

बारीक तारांवर कॉर्ड घेतली की खालचा खर्ज जातो, ही अडचण तुम्हाला लगेच जाणवेल. गटात बेस गिटार किंवा पेटी असेल तर ती अडचण मानूच नये. एकट्याने वाजवत असाल तर अंगठ्याने एखादी मोकळी जाड तार जोडावी. ५-५-३ या सीखाली सहावी तार, ए मायनर आणि एफ या दोहोंखाली पाचवी, आणि जीखाली चौथी मोकळी तार चालते, कारण त्या तारांवरचे सूर त्या त्या कॉर्डचेच आहेत.

अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी हे आपले एकल वादन पुष्कळदा सुट्या सुरांनी सुरू करत, मग तीच रचना सप्तकाच्या अंतराने जोडलेल्या दोन सुरांत नेत, आणि शेवटी पूर्ण कॉर्ड्समध्ये वाजवत. ते पिक (तारा छेडण्याची चपटी पट्टी) न वापरता अंगठ्याने वाजवत. त्यांच्या ध्वनिमुद्रणांतील हा शेवटचा भाग जरूर ऐकावा. कॉर्ड्स वेगाने बदलत असतात, तरी ऐकणाऱ्याला वर एकच सलग चाल ऐकू येते. तुमच्या चार कॉर्ड्समध्ये तुम्हाला करायचे आहे ते याच जातीचे काम आहे, फक्त संथ लयीत.

सराव असा करावा. ओळखीच्या गाण्याची एकच ओळ घ्या. तिच्या प्रत्येक कॉर्डचा वरचा सूर आधी गाऊन ठरवा आणि नंतर तो सूर ज्या आकारात वर येतो तो आकार शोधा. आधी बोटे आणि नंतर कान हा क्रम उलटा झाला पाहिजे. पहिले काही दिवस एका ओळीला अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

प्रश्न : मी स्वतः गाते आणि गातानाच गिटार वाजवते. गाताना डाव्या हाताने फार उड्या मारल्या की सूर तरी चुकतो किंवा शब्द तरी. गळ्याजवळच्या साध्या कॉर्ड्स न सोडता साथ थोडी रंगतदार करता येईल का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : तुमच्यासाठी वरच्या सुरापेक्षा खालचा सूर अधिक कामाचा आहे. गाणारा गळा वरची चाल सांभाळतच असतो. गिटारने खाली दुसरी चाल दिली की दोन्ही मिळून गाणे भरते, आणि खालच्या सुरासाठी एका बोटाचीच हालचाल पुरते.

सी वाजवताना खर्ज पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असतो. तेथून ए मायनरवर जाण्यापूर्वी एक जी वाजवा, पण नेहमीची नव्हे. सहावी तार पूर्ण टाळून पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, चौथी, तिसरी व दुसरी तार मोकळी आणि पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट असे धरा. आता पाचव्या तारेवर सा, नि आणि ए मायनरची मोकळी तार म्हणजे ध, अशी उतरती ओळ तयार झाली. ती पुढेही नेता येते: सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर प ठेवून सी, पहिल्या फ्रेटवर म ठेवून एफ, आणि सहावी तार मोकळी सोडून ग वर पुन्हा सी. यानंतरचा रे मात्र खाली मिळत नाही, कारण गिटारच्या नेहमीच्या जुळणीत सहावी तार ग च्या खाली उतरत नाही. तो चौथ्या मोकळ्या तारेवर, वरच्या सप्तकात घ्यावा, त्यावर डी मायनर वाजवावी आणि जीवरून परत सीवर यावे. कॉर्ड्स तुमच्या ओळखीच्याच आहेत, पण खाली जवळजवळ पूर्ण अवरोह ऐकू येतो. संथ गाण्याच्या मुखड्याला हा क्रम शोभतो. द्रुत गाण्यात सा, नि, ध एवढाच तुकडा पुरे.

दोन लहान अलंकारही सांगतो, कारण त्यांना उडी लागत नाही. सी आणि ए मायनर या दोन्ही कॉर्ड्समध्ये चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर एक बोट असते. ते क्षणभर उचलून मोकळी तार वाजवावी आणि तार वाजत असतानाच बोट पुन्हा आपटावे. त्यामुळे ‘रे ग’ असा छोटा कण लागतो. गिटारवादक याला हॅमर-ऑन म्हणतात. दुसरा अलंकार ए मायनरमधील दुसऱ्या तारेचा आहे. तेथे पहिल्या फ्रेटवर सा असतो, करंगळीने तिसरा फ्रेट दाबला की रे मिळतो आणि बोट उचलले की नि. शब्द थांबलेला असताना ‘सा रे सा नि सा’ एवढी फिरत केली तरी कॉर्ड जिवंत राहते.

मुख्य चालच जाड तारांवर वाजवण्याचीही एक जुनी रीत आहे. अमेरिकेतील कार्टर कुटुंबाची पहिली ध्वनिमुद्रणे १९२७ मध्ये टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथे झाली. त्यांतल्या मेबेल कार्टर या अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवत आणि त्याच वेळी बोटाने बारीक तारांवर कॉर्ड झाडत. दोन कडव्यांच्या मध्ये गाणे थांबते तेथे तुम्ही हे करून पाहावे. सीचा आकार धरून पाचव्या आणि चौथ्या तारेवर सा, रे, ग हे तीन सूर सहज मिळतात, आणि अनेक बालगीतांची तोंडे एवढ्यावर सुरू होतात. शाळेत तुम्हाला त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : मी नववीत आहे. मला सहा स्ट्रमिंग पॅटर्न (तारा झाडण्याचे ठेके) येतात. वादनात विविधता येण्यासाठी एकूण किती पॅटर्न शिकावे लागतील? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुला येतात तेवढे पुष्कळ झाले. आता त्यांतला एकच घे आणि प्रत्येक वेळी सहाही तारा वाजवण्याची सवय मोड. हात खाली येताना पहिल्यांदा फक्त जाड दोन तारा, नंतर मधल्या दोन आणि शेवटी बारीक दोन, असे तीन भाग करून बघ. हाताची हालचाल तीच राहील, पण त्यातून तीन वेगळे आवाज निघतील.

तबला ऐकतेस का? दादऱ्याच्या ६ मात्रांत खालीच्या (चौथ्या मात्रेपासूनच्या हलक्या भागाच्या) बाजूला बायाचा घुमारा कमी होतो. गिटारवर तेच करता येते. पहिल्या मात्रेला अंगठ्याने जाड तार वाजवायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला तिसरी व दुसरी तार, आणि चौथ्या मात्रेला जाड तार मुद्दाम न वाजवता पहिली, मग परत दुसरी आणि तिसरी. समेवर वजन येते आणि खाली हलकी राहते. केरव्याच्या ८ मात्रांसाठी हीच युक्ती तुझी तू बसवू शकशील.

काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन हे १९३७ पासून १९८७ पर्यंत गिटार वाजवत होते. बहुतेक वेळ ते प्रत्येक मात्रेला एक आघात एवढेच वाजवत, आणि आकार पूर्ण कॉर्डचा धरला असला तरी अनेकदा एक-दोन तारांनाच खरा आवाज देत. त्या थोड्या सुरांची मिळून एक चाल होत असे, म्हणून इतक्या मोठ्या वाद्यवृंदातही त्यांची साथ रटाळ झाली नाही.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकतो आणि आवड म्हणून गिटार वाजवतो. यमनातील एका भावगीताला मी कॉर्ड्स लावल्या, तेव्हा गुरुजी म्हणाले की कॉर्डने राग मोडतो. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे, आणि खरे असेल तर गिटारने साथ करूच नये का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गुरुजींच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते नेमके कशात आहे हे समजून घेतले तर मार्गही सापडतो.

पहिली गोष्ट आधाराची. रागसंगीतात तंबोरा सा आणि प धरून असतो आणि प्रत्येक स्वराचे मोल त्या सा वरून ठरते. कॉर्ड बदलली की कानाला क्षणभर आधारच बदलल्यासारखा वाटतो. सीखाली गायलेला ग हा गंधारासारखा लागतो, पण तोच स्वर ए मायनरवर आला की ध हा सा आहे आणि आपण त्याचा पंचम ऐकत आहोत असा भास होतो. पाश्चात्त्य संगीतात हाच आनंद आहे. यमनात मात्र गंधाराची प्रतिष्ठा त्यामुळे डळमळते.

दुसरी गोष्ट श्रुतीची. गिटारच्या प्रत्येक फ्रेटचे सुरातले अंतर सारखे, १०० सेंटांचे असते (सेंट हे सुरांतले अंतर मोजण्याचे एकक). म्हणून सा पासून ग पर्यंत ४०० सेंट होतात. तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. गिटारचा ग जवळजवळ १४ सेंट चढा असतो, आणि तयार कानाला तो टोचतो. हार्मोनियमवरही असाच आक्षेप होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर जी बंदी घातली, तिच्यामागे त्या वाद्याचे न वळणारे, पट्टीला बांधलेले सूर हे एक कारण होते.

तिसरी चूक कदाचित तुमची स्वतःची असेल. सवयीने एफ वाजवली गेली, तर तिच्यात शुद्ध म असतो आणि सीमध्ये गायल्या जाणाऱ्या यमनात त्याला जागा नाही.

ख्यालाला कॉर्ड्स लावू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. भावगीताची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे शब्द आणि चाल यांना रागाचा आधार असतो, त्यांच्यावर रागाचे बंधन नसते. परंतु तेथेही कॉर्ड्स वेगळ्या रीतीने घ्याव्या लागतात. येथे मी डी हा सा धरायला सांगेन, कारण मग मोकळी चौथी तार सा आणि मोकळी पाचवी तार प होते, म्हणजे तंबोरा गिटारमध्येच मिळतो. हा सा पेटीच्या भाषेत पांढरी दोनचा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की तो काळी दोनचा होतो, दुसऱ्यावर लावला की पांढरी तीनचा.

आता चौथी तार मोकळी, तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट, दुसरी आणि पहिली तार मोकळी, असे फक्त एका बोटाने धरा. या आकारात सा खाली थांबलेला आहे आणि वर तीव्र म, ध आणि रे वाजतात. हीच तुमची यमनाची दुसरी कॉर्ड. पहिली अर्थात नेहमीची डी. या दोघींत ये-जा करून पाहा. आधार हलत नाही, तरीही तीव्र मध्यम येतो आणि पुढे सुटतो. मुखड्यापुरत्या बहुतेक वेळा या दोनच पुरतात. अंतऱ्यात ए आणि बी मायनर घेता येतील, पण तेथेही ओळ संपताना खाली मोकळा सा येईल असे पाहावे.

गायक गंधारावर ठेहराव घेत असेल तेथे गिटारने गंधार वाजवूच नये. फक्त सा आणि प द्यावा, म्हणजे चढ्या गंधाराचा गायकाच्या गंधाराशी झगडा होणार नाही. भूपासारख्या पाच स्वरांच्या रागात तर रागाबाहेर न जाता मिळणाऱ्या पूर्ण मेजर-मायनर कॉर्ड्स दोनच असतात. सा डी वर असेल तर त्या डी आणि बी मायनर. तिसरी हवी असेल तर प, सा, रे असे तीन सूर एकत्र घ्यावेत. ते मेजरही लागत नाहीत आणि मायनरही.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात हा प्रश्न फार पूर्वीच उभा राहिला होता. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी रागावर आधारलेल्या चालींना वाद्यवृंदाची जोड दिली. त्या काळची गाणी व्हायोलिनकडे लक्ष ठेवून ऐका. गाण्याच्या ओळीखाली कॉर्डचे ठोकळे क्वचित येतात आणि ओळीच्या बाजूने चालणारी दुसरी सुरावट अधिक वेळा येते. गिटारवर भावगीत वाजवताना मी स्वतः तीच दिशा धरतो. गुरुजींसमोर एकदा फक्त मोकळे सा-प आणि अधूनमधून दोन सुरांची जोडी एवढेच वाजवून पाहावे. त्यांचे मत काय होते ते मला कळवल्यास आनंद वाटेल.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ घरच्या समारंभांत गिटार वाजवतो. आमच्याकडे मांडो (गोव्यातील कोंकणी गीतप्रकार) म्हणताना दुसरा आवाज आपोआप धरला जातो आणि तो फार सुंदर लागतो. गिटारवर मात्र आम्ही दोघे त्याच कॉर्ड्स वाजवतो आणि आवाज गढूळ होतो. दुसऱ्या आवाजासारखे काही गिटारवर करता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : गढूळपणा येतो तो दोन्ही गिटारांचे सूर एकाच पट्ट्यात, एकमेकांवर पडल्यामुळे. एकाने गळ्याजवळच राहावे आणि दुसऱ्याने पाचव्या फ्रेटवर कॅपो लावावा. पहिला सी, ए मायनर, एफ, जी वाजवत असेल तेव्हा कॅपोवाल्याने जी, ई मायनर, सी, डी हे आकार धरावेत. ऐकू येणाऱ्या कॉर्ड्स त्याच असतील, पण त्यांचे वरचे सूर निराळे असतील. खर्जाचे काम पहिल्यावर सोपवून दुसऱ्याने जाड तारा जवळपास वाजवूच नयेत.

मांडोतील दुसरा आवाज बहुतेक वेळा पहिल्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावर चालतो, आणि गिटारवर या दोन्ही जोड्या सोप्या आहेत. दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर तिसऱ्या स्वराच्या जोड्या मिळतात. दुसऱ्या तारेचा फ्रेट आधी धरला तर १ आणि ० येथे सा-ग, ३ आणि १ येथे रे-म, ५ आणि ३ येथे ग-प, ६ आणि ५ येथे म-ध, ८ आणि ७ येथे प-नि. सहाव्या स्वराच्या जोड्या तिसऱ्या आणि पहिल्या तारेवर आहेत: ० आणि ० येथे प-ग, २ आणि १ येथे ध-म, ४ आणि ३ येथे नि-प, ५ आणि ५ येथे सा-ध, ७ आणि ७ येथे रे-नि, ९ आणि ८ येथे ग-सा. मधली दुसरी तार वाजू नये म्हणून पिक बाजूला ठेवून अंगठा आणि मधले बोट वापरावे. सहाव्या स्वराच्या जोड्यांत दोन सुरांमध्ये मोकळी जागा असते, म्हणून गाणाऱ्यांच्या आवाजाखाली त्या अधिक स्वच्छ ऐकू येतात. माझी पसंती त्यांनाच आहे.

जोडी कोणती घ्यायची हे जोराच्या मात्रेवर ठरते. सी चालू असेल तर त्या मात्रेवर प-ग किंवा ग-सा यावी, कारण त्यांतले दोन्ही सूर सीचे आहेत. जी असेल तर नि-प किंवा रे-नि, आणि एफ असेल तर ध-म किंवा सा-ध. मधल्या मात्रांवर शेजारची कोणतीही जोडी पायरीसारखी चालते. आधी तुमच्या घरात जो दुसरा आवाज धरतो त्याला गायला सांगून त्याचे सूर गिटारवर उतरवा. पुस्तकातल्या जोड्यांपेक्षा त्या व्यक्तीच्या गळ्यात बसलेल्या वळणांतून तुम्हाला अधिक मिळेल, विशेषतः ओळीच्या शेवटी तो आवाज तिसऱ्या स्वरावरून कुठे वळतो ते नीट ऐकावे.

कॅपो लावल्यावर तारा थोड्या चढतात, विशेषतः जाड तारा. म्हणून कॅपो फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून बसवावा आणि दोन्ही गिटारी कॅपो लावल्यानंतरच एकमेकींशी जुळवून घ्याव्यात.